रस्ता कुणाचा, परवानगी कुणाची? मिरवणूक, मंडप आणि वाडीची वाट

मार्च लागला की मालवण तालुक्यातल्या बौद्धवाड्यांत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती, चाकरमानी कधी येणार, व्याख्यानाला कोणाला बोलवायचे यावर दोन तास चर्चा होते. परवानगीचा विषय मात्र उठता उठता निघतो. "कुणीतरी बघा" असे म्हणून तो दोन तरुणांच्या गळ्यात पडतो आणि अर्ज १३ एप्रिलच्या संध्याकाळी पोलीस ठाण्यात पोहोचतो. असे परत आलेले अर्ज आम्ही पाहिले आहेत. अर्ज परतला की कार्यकर्ते म्हणतात, आपल्यालाच अडवतात. कधी ते खरे असते, कधी नसते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर सार्वजनिक रस्त्याचा कायदा नीट माहीत हवा. शहरातल्या मंडळांना हे सरावाने कळते. आचऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावातल्या कार्यकर्त्याला ते एका जागी वाचायला मिळावे म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न असतो, रस्ता कोणाचा? आचऱ्यातून मालवण, कणकवली आणि देवगडच्या दिशेने जाणारे मोठे रस्ते आहेत, बंदराकडे आणि वाड्यांकडे जाणारे लहान रस्ते आहेत आणि गडग्यांमधून, पाखाड्यांवरून जाणाऱ्या पायवाटा आहेत. चालणाऱ्याला सगळे सारखेच, पण कागदावर त्यांचे मालक वेगळे आहेत. महाराष्ट्रात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. कणकवलीतून जाणारा मुंबई–गोवा महामार्ग केंद्राचा आहे. त्याच्या हद्दीतल्या जमिनीसाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. वाडीतले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे असतात आणि त्यांची नोंद नमुना २३ मध्ये असते. आपल्याकडे सगळे त्याला '२३ नंबर' म्हणतात. काही वाटा कोणत्याच नोंदीत नसतात. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

म्हणजे विहारापासून बाजारपेठेपर्यंतच्या एका मिरवणुकीत तीन मालकांचे रस्ते लागू शकतात. पण म्हणून तीन परवानग्या लागत नाहीत. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. रस्त्यावरून चालत जाणे हे रस्त्याचे रोजचेच काम आहे. माणसे जास्त असली तर वाहतूक आणि सुव्यवस्था पोलीस पाहतात, त्यामुळे मिरवणुकीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा. रस्त्याच्या हद्दीत काही उभे करायचे असेल, मग तो मंडप असो, कमान असो, झेंड्याचा खांब असो की त्यासाठी खणलेला वीतभर खड्डा, तर रस्त्याच्या मालकाची लेखी परवानगी लागते आणि त्यासोबत पोलिसांचा ना-हरकत दाखलाही मागितला जातो. मुंबईतही तत्त्व हेच आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात सणासमारंभासाठी रस्त्यावर तात्पुरता मांडव घालू देण्याचा अधिकार पालिका आयुक्तांना आहे, पण तो पोलीस आयुक्तांच्या सहमतीने वापरायचा.

आता मिरवणुकीचा कायदा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, म्हणजे जुना मुंबई पोलीस कायदा. त्याचे कलम ३३ जिल्हादंडाधिकाऱ्यांना रस्त्यावरच्या सभा आणि मिरवणुकांचे नियमन करणारे नियम करण्याचा अधिकार देते. कलम ३६ नुसार मिरवणूक कोणत्या मार्गाने आणि कशी न्यायची याबाबत पोलीस निर्देश देऊ शकतात. कलम ३७ (३) नुसार सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी जमाव आणि मिरवणुकीवर बंदी घालता येते, मात्र राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय ती १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. जिल्ह्यात असा आदेश लागू आहे का, हे अर्ज देण्याआधी विचारून घ्यावे. तो बहुधा पोलिसांची परवानगी असलेल्या कार्यक्रमांना वगळूनच काढलेला असतो, म्हणून परवानगीचा कागद खिशात असणे महत्त्वाचे.

याच कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ सप्टेंबर १९७२ ला दिलेला निकाल प्रत्येक जयंती मंडळाला ठाऊक असावा. हिंमतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद असे त्या खटल्याचे नाव. गुजरात पूर्वी मुंबई राज्यात होता, त्यामुळे तिथेही हाच १९५१ चा कायदा लागू होता. विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्याने १९६९ मध्ये रस्त्यावर सभेची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. रस्त्यावरच्या सभेवर वाजवी बंधने घालता येतात, त्यासाठी आधी परवानगी घ्यायला लावता येते. पण सरसकट बंदी घालता येत नाही, आणि कोणत्या कारणावरून परवानगी नाकारायची याचे काहीच मार्गदर्शन न देता अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळे सोडणारा नियम टिकत नाही. अहमदाबादचा तो नियम रद्द झाला. संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (ख) मधला शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क रस्त्यावर संपत नाही, हा त्याचा अर्थ. दुसऱ्या बाजूची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. शाहीन बागच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० ला याच न्यायालयाने सांगितले की आंदोलनासाठी सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही.

म्हणून अर्ज असा लिहावा की नाही म्हणणाऱ्याला कारण शोधावे लागेल. तारीख, निघण्याची आणि संपण्याची वेळ, विहारापासून कोणत्या तिठ्यावरून कुठपर्यंत, साधारण किती माणसे, किती वाहने, वाद्ये कोणती, स्वयंसेवक किती आणि जबाबदार दोघांची नावे व मोबाईल नंबर हे सगळे एका पानात बसते. रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडावा. दवाखान्यापुढे वाद्ये बंद राहतील, एसटीला आणि रुग्णवाहिकेला वाट मोकळी राहील, हे मागण्याआधीच लिहून द्यावे. किमान पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. गेल्या वर्षीच्या परवानगीची झेरॉक्स जोडली तर काम निम्मे होते, कारण टेबलापलीकडून पहिला प्रश्न तोच येतो: मागच्या वर्षी मार्ग कोणता होता?

तोंडी नकार मात्र ऐकून घरी जाऊ नये. "यंदा नको, वरून आदेश आहे" असे कोणी म्हटले तर आदेशाचा क्रमांक आणि तारीख नम्रपणे विचारावी आणि नकार कारणांसह लेखी मागावा. मार्ग किंवा वेळ बदलून देतो म्हणाले तर तेही लेखी घ्यावे. बदल वाजवी असेल तर स्वीकारावा. शाळेच्या परीक्षेसाठी एक तास पुढे सरकण्यात कोणाचाही मान जात नाही. नकार अन्यायाचा वाटला तर उपविभागीय पोलीस अधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी अशा वरच्या पायऱ्या आहेत. त्यापुढे उच्च न्यायालय. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सिंधुदुर्ग जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. पण १३ एप्रिलला अर्ज देणाऱ्याला या पायऱ्या चढायला वेळच उरत नाही.

परवानगी कशाला मागायची, बाबासाहेबांनी महाडला मागितली होती का, असा प्रश्न तरुण हमखास विचारतात. उत्तर महाडच्या घटनाक्रमातच आहे. मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव १९२३ मध्ये झाला आणि महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले असल्याचे ठरवले. २० मार्च १९२७ ला परिषदेतले लोक महाडच्या रस्त्यांवरून रांगेने चवदार तळ्यावर गेले, तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने होता. नंतर त्याच रस्त्यांवर त्यांना मारहाण झाली. डिसेंबरमध्ये परिस्थिती बदलली. विरोधकांनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही महाडला जमलेले असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे थांबवले, शहरातून मिरवणूक काढली आणि लढाई न्यायालयात नेली. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने निकाल दिला: अस्पृश्यांना तळ्यावर बंदी घालणारी अनादी रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नाही. दहा वर्षे लागली, पण हक्क कायमचा पदरात पडला.

बाबासाहेबांनी इथे केलेला भेद आपण विसरतो. रूढीचा, गावाच्या दबावाचा किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीचा अडथळा वेगळा आणि न्यायालयाचा हुकूम वेगळा. याच भेदाची किंमत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनीही मोजली आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात मोर्च्याची परवानगी देणे न देणे नगर आयोगाच्या मर्जीवर होते. एप्रिल १९६३ मध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम असतानाही मार्टिन ल्यूथर किंग आणि फ्रेड शटल्सवर्थ यांच्या सहकाऱ्यांनी मोर्चे काढले. हुकूम मोडल्याबद्दलची शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कायम केली. आणि ज्या नियमाखाली परवानगी लागत होती तो नियमच घटनाबाह्य असल्याचे त्याच न्यायालयाने १९६९ मध्ये शटल्सवर्थ यांच्या अपिलात सांगितले. नियम चुकीचा असला तरी हुकूम मोडल्याची शिक्षा भोगावीच लागली. किंग यांनी ती समजून-उमजून पत्करली होती. आपल्या वाडीतल्या नोकरीच्या अर्जात असलेल्या पोराला रागाच्या भरात गुन्हा अंगावर घ्यायला लावणे ही वेगळी गोष्ट आहे. पासपोर्ट आणि पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी झाली की ती कळते.

मंडप, आवाज आणि फलक यांबाबत थोडक्यात. डॉ. महेश बेडेकर यांच्या ठाण्यातल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ आणि २०१६ मध्ये दिलेल्या आदेशांनंतर मंडपाचे नियम कडक झाले. धर्मस्वातंत्र्याच्या नावाने रस्ता अडवणारा मंडप घालण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही, हे त्यातून पक्के झाले. हे सगळ्या धर्मांना आणि सगळ्या मंडळांना लागू आहे. विहाराचे अंगण किंवा शाळेचे पटांगण मिळत असेल तर रस्त्यावर येऊच नये. विजेसाठी आकडा टाकू नये, महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. ध्वनिक्षेपकाला ध्वनिप्रदूषण नियम २००० लागू आहेत: रात्री १० ते सकाळी ६ बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. ते दिवस जाहीर होतात. १४ एप्रिल यादीत आहे का ते पाहून घ्यावे आणि नसेल तर त्यासाठी निवेदन द्यावे. डीजेबद्दल आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. डीजेचे भाडे वाचवून त्या पैशात वाडीचे ग्रंथालय उभे राहते.

कायमची कमान, पुतळा किंवा स्तंभ ही मात्र मंडपाची गोष्ट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि रस्त्याच्या कडेला पुतळे किंवा बांधकामे उभारायला परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली आहे. पुतळा उभारायचाच असेल तर जागा निर्विवाद मालकीची हवी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता हवी. राजकोटवरचा शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हा कागद आणि प्रत्यक्ष काम यांत किती अंतर पडू शकते ते मालवणने पाहिले. रात्रीतून रस्त्याकडेला पुतळा बसवणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. दुसऱ्या दिवशी तो हटवायला आलेल्या यंत्रणेपुढे आपलीच आई-बहीण उभी राहते आणि गुन्हे आपल्यावरच दाखल होतात.

पण इतरांना कागद मागतात का, हा प्रश्न उरतोच आणि तो रास्त आहे. आचऱ्याची गावपळण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दर तीन-चार वर्षांनी श्री रामेश्वराच्या कौलानंतर सारे गाव तीन दिवस घरे सोडून वेशीबाहेर राहुट्यांत राहायला जाते. तिथे माळरानावर आणि रस्त्याच्या कडेला चुली पेटतात. या प्रथेवर कोणाची श्रद्धा असेल, कोणाची नसेल. बुद्धिवादी म्हणून आमचे प्रश्न आहेत. पण सार्वजनिक जागेच्या दृष्टीने पाहिले तर त्यात शिकण्यासारखे आहे. सगळ्यांना आधी कळते, मुदत ठरलेली असते आणि सर्व धर्मांचे गावकरी त्यात असतात, म्हणून जागेवरून भांडण होत नाही. रूढीला गावाची संमती आपोआप मिळते. ज्यांच्या मिरवणुकीला गावच्या रूढीत स्थान नव्हते त्यांना ती कागदावर मिळवावी लागते, कारण कागदापुढे सगळे सारखे. एकाच मार्गावर इतरांना परवानगी आणि आपल्याला नकार असे घडत असेल तर माहिती अधिकारात त्या मार्गावरच्या गेल्या पाच वर्षांच्या परवानग्यांच्या प्रती मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. भेदभाव झाला असे बोलून काही होत नाही, तो तारखांसह दाखवता येतो.

मिरवणूक काढू न देणे हा गुन्हाही ठरू शकतो. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून रस्ता किंवा वाट वापरू न देणे आणि धार्मिक, सामाजिक, सांस्कृतिक मिरवणूक काढू न देणे ही दोन्ही कृत्ये नावासह आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने रस्ता, स्मशानभूमी, वरात आणि घोड्यावर बसणे अडवणे यांची भर पडली. १९९० पासून अनुसूचित जातीतले बौद्धही या संरक्षणात येतात. मात्र ही कलमे खरोखर जातीवरून अडवले तिथेच वापरावीत. बांधावरच्या प्रत्येक वादात ती लावली तर खऱ्या प्रकरणातही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता वाटेकडे. मिरवणूक वर्षातून दोन-तीनदा निघते, वाट रोज लागते. कोकणात अनेक बौद्धवाड्यांची आणि त्यांच्या स्मशानांची वाट दुसऱ्याच्या कलमबागेतून, गडग्याच्या कडेने जाते. तीन पिढ्या त्या वाटेने चाललेल्या असतात, म्हणून कोणी कागद केलेला नसतो. मग जमीन विकली जाते, नवा मालक चिऱ्याचे कुंपण घालतो आणि पावसाळ्यात आजारी माणसाला खुर्चीवर बसवून व्हाळातून न्यावे लागते. आमच्या परिचयाच्या एका वाडीत हेच झाले. डांबरी रस्ता आमदार निधीतून मंजूर झाला होता, पण २३ नंबरला नोंद नाही म्हणून निधी परत गेला.

अशी वाट असेल तर आधी गाव नकाशा पाहावा. नकाशात ती असेल तर ती बहुधा शासनाची, आणि सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ग्रामपंचायतीला आहे. तिने हालचाल केली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येते. नकाशात नसेल तर सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना आणि वाजिब-उल-अर्ज तपासावा. जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ नुसार गावच्या वहिवाटी तिथे नोंदवायच्या असतात. शेताकडे किंवा बागेकडे जाणारी वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बैठका घेता घेता हे सहा महिने कधी निघून जातात ते कळत नाही. नुसती घरांकडे जाणारी वाट असेल तर दिवाणी न्यायालय आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार खाजगी जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, हक्काने, खंड न पडता वापर केल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी जुने फोटो, लग्नपत्रिकेतला पत्ता, म्हाताऱ्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आतापासून जमवावीत. म्हातारी माणसे थांबत नाहीत.

सर्वांत चांगला उपाय अर्थात भांडण होण्याआधीचा. मालक चांगला असताना त्याच्याकडून संमतीपत्र किंवा रस्त्यापुरते बक्षीसपत्र करून घ्यावे, ग्रामसभेचा ठराव करावा आणि वाट २३ नंबरला लावावी. आपल्याकडे सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार आणि त्यातले निम्मे मुंबईत, त्यामुळे सह्या मिळवायला वर्ष लागते. गणपतीत आणि मे महिन्यात सगळे गावी येतात, तेव्हाच हे काम होते. संमतीशिवाय घाईने केलेली नोंद पुढे वादात पडते.

१ मेच्या ग्रामसभेला जाताना वाडीतल्या दोघांनी एवढे करावे: नमुना २३ ची नोंदवही वाचून दाखवा अशी मागणी करावी, आपल्या वाडीची आणि स्मशानाची वाट तिच्यात किती लांबी-रुंदीने आहे ते लिहून घ्यावे आणि ते इतिवृत्तात आले की नाही हे सही करण्याआधी पाहावे.